१६३ पायऱ्या, तीनशे शेजारी: सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोझॅकचं प्रकरण

आपल्याकडे ‘मोझॅक’ म्हटलं की आधी पायाखालची फरशी आठवते. ठिपक्याठिपक्यांची, पॉलिश मारून गुळगुळीत केलेली, उन्हाळ्यात दुपारी गाल टेकून झोपावं अशी थंड. आणि दुसरं आठवतं ते गच्चीवरचं चायना मोझॅक. फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे गवंडी पोत्यातून ओततो, ओल्या मालावर पसरतो, थापीनं ठोकून बसवतो. ऊन परतावं आणि पाणी मुरू नये, एवढंच त्याचं काम. त्यात कुणी चित्र काढत नाही, पण हात तेच आणि तुकडेही तेच.

मी पुण्यात मातीकाम शिकवते. पाच वर्षांपूर्वी एका शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर मुलांकडून मोझॅक करून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली होती. प्रत्येक मुलाला भिंतीचा एकेक चौरस फूट वाटून दिला आणि ‘तुला हवं ते कर’ म्हटलं. मुलांनी जीव ओतून काम केलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर अर्धी भिंत पोकळ वाजायला लागली, तिसऱ्या पावसाळ्यात तुकडे गळून पडले आणि शेवटी शाळेनं सगळं खरवडून रंग दिला. पुढच्या वर्षी एक मुलगी आपला मोर शोधत तिथे आली होती. तो दिवस माझ्या मनातून गेलेला नाही.

त्यामुळे लेकीकडे अमेरिकेत गेले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोरागा स्ट्रीटवरच्या मोझॅकच्या प्रसिद्ध पायऱ्या मी सहलीच्या डोळ्यांनी पाहिल्या नाहीत. ऑगस्ट २००५ मध्ये पूर्ण झालेलं काम, उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, रोज हजारो पावलांच्या शेजारी, आणि अजून घट्ट. शेजारपाजारच्या तीनशेहून अधिक लोकांचे हात त्यात लागले आहेत. आमची भिंत तीन पावसाळे टिकली नाही आणि हे टिकलं, ते का, एवढा एकच प्रश्न घेऊन मी तिथे तीन वेळा गेले आणि त्या कामाबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

जागा

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेला, पॅसिफिकच्या बाजूला, सनसेट नावाचा भाग आहे. वस्ती होण्याआधी इथे वाळूच्या टेकड्या होत्या. नगररचनाकारांनी त्यांच्यावर चौकटीच्या वहीसारखे रस्ते आखले. कागदावर रस्ता सरळ जातो, पण जमिनीवर टेकडी आडवी येते. जिथे गाडी चढणं अशक्य होतं तिथे रस्त्याचं नाव तेच ठेवून पायऱ्या बांधल्या. त्या शहरात अशा पायऱ्यांचे शेकडो जिने आहेत आणि नकाशावर ते रस्ते म्हणूनच नोंदलेले असतात.

मोरागा स्ट्रीटचा १६व्या आणि १५व्या अॅव्हेन्यूमधला तुकडा असाच. १६३ पायऱ्या, साध्या सिमेंटच्या, दोन्ही बाजूंना घरं आणि रान माजलेले उतार. वर चढून थोडं पुढे गेलं की ग्रँडव्ह्यू पार्कची टेकडी लागते, तिथून समुद्रापर्यंतचं सगळं दिसतं. म्हणजे दृश्य आधीपासून होतं, जाण्याचा मार्गही होता. फक्त त्या मार्गाकडे कुणी पाहत नव्हतं. तिथले लोक त्यावरून सामानाच्या पिशव्या घेऊन चढत आणि दम लागला की थांबत, एवढंच.

शेजारच्या दोन बायकांच्या मनात आलं की या पायऱ्यांवर मोझॅक करावं. कल्पनेला आधार होता ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोतल्या पायऱ्यांचा. लापा आणि सांता तेरेझा या दोन वस्त्यांना जोडणारा २१५ पायऱ्यांचा एक जिना तिथे आहे. चिलीत जन्मलेला चित्रकार होर्हे सेलारोन यानं १९९० मध्ये आपल्या घरासमोरच्या पडक्या पायऱ्यांवर टाइल लावायला सुरुवात केली. आधी ब्राझीलच्या झेंड्याच्या हिरव्या, पिवळ्या, निळ्या रंगात. मग जगभरातून लोक त्याला टाइल आणून द्यायला लागले, साठाहून अधिक देशांतून. पैशांसाठी तो आपली चित्रं विकायचा. काम त्यानं कधी संपवलंच नाही. लावलेल्या टाइल काढून नव्या लावत राहिला. १० जानेवारी २०१३ रोजी त्याच पायऱ्यांवर तो मृतावस्थेत सापडला.

रिओचं काम एका माणसाचं वेड होतं. आपल्या चंदीगडचं नेकचंद यांचं रॉक गार्डनही मुळात तसंच, फुटक्या कपबशा आणि बांगड्यांचे तुकडे जमवत एकट्यानं वर्षानुवर्षं लपून उभारलेलं. अशा कामांचं बळ त्या एका माणसात असतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या शेजाऱ्यांकडे असा कुणी वेडा माणूस नव्हता. त्यांच्याकडे एक जिना होता आणि आजूबाजूला राहणारी, एकमेकांना फारशी न ओळखणारी माणसं होती. रिओकडून त्यांनी पायऱ्यांवर टाइल लावायची कल्पना घेतली, पण काम करण्याची रीत घेतली नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रेरणा घेताना नक्की काय घ्यायचं हे आपण बरेचदा ठरवतच नाही.

कुणी काय ठरवायचं

काम दोन कलाकारांकडे आलं. आयलीन बार, मूळच्या आयर्लंडच्या, सिरॅमिकमध्ये काम करणाऱ्या. आणि कोलेट क्रचर, मोझॅक आणि चित्रकलेतल्या. वाटणी अशी की टाइल बार यांच्या, म्हणजे हातानं घडवलेले, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत मुलामा) देऊन भट्टीत भाजलेले मासे, शंख, पक्षी, पानं, तारे. त्या टाइलभोवतीचा सगळा प्रवाह, रंगांचे वळसे, पाणी, आभाळ हे क्रचर यांचं मोझॅक. दोन वेगवेगळी हस्ताक्षरं असूनही पायऱ्यांकडे पाहताना सांधा दिसत नाही.

आराखडा एका वाक्यात सांगता येतो. तळाशी समुद्र, सगळ्यात वर सूर्य. मधे पाण्यातून जमिनीवर यायचं, झाडाफुलांतून जायचं, रात्रीच्या गडद निळ्या आभाळात शिरायचं, तिथे चंद्र आणि तारे भेटतात, आणि मग माथ्यावर सूर्याचं पिवळंधमक वर्तुळ. ज्या टेकडीच्या पायथ्याच्या दिशेला खरा समुद्र आहे आणि माथ्यावर खरं आभाळ आहे, तिथे हा आराखडा इतका सहज बसतो की तो कुणीतरी विचार करून ठरवला असेल हे विसरायलाच होतं.

आणि हा आराखडा बहुमतानं ठरलेला नाही. लोकांनी मिळून करायच्या कामाबद्दल बोलताना आपण हे म्हणायला कचरतो. आमच्या शाळेच्या भिंतीवर मी आराखडा केलाच नव्हता, कारण मुलांवर काही लादायचं नाही असं मला मनापासून वाटत होतं. त्यातून झालं असं की चाळीस मुलांची चाळीस चित्रं एकमेकांशी भांडत उभी राहिली. एकाचं विमान दुसऱ्याच्या फुलावर आदळलेलं, रंग एकमेकांचे आवाज दाबणारे. प्रत्येकाला हवं ते मिळालं आणि भिंतीला काहीच मिळालं नाही.

आपल्याकडे याचं उत्तर अंगणात शतकानुशतकं होतं. घरातली जाणती बाई ठिपके काढते. रेषा कुठून कुठे जाणार हे तिला माहीत असतं. मग मुली, सुना, शेजारणी, लहान पोरी येतात आणि रंग भरतात. पोरीचा हात हलला, रंग थोडा रेषेबाहेर गेला तरी रांगोळी मोडत नाही, कारण तिचा सांगाडा मोडत नाही. आणि रंग भरणाऱ्या पोरीला ‘ही मी काढली’ म्हणताना जराही खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. मोरागा स्ट्रीटवर हेच झालं. ठिपके दोन कलाकारांनी मांडले, रंग शेजाऱ्यांनी भरले.

आकडे उघडून पाहू

या कामाचे आकडे सगळीकडे सांगितले जातात. २,००० हून अधिक हातानं घडवलेल्या टाइल. टाइल, आरसा आणि रंगीत काच यांचे ७५,००० तुकडे. २२० हून अधिक शेजाऱ्यांनी पुरस्कृत केलेल्या टाइल. तीनशेहून अधिक लोकांचा प्रत्यक्ष कामात हात. अडीच वर्षं.

असे आकडे ऐकले की आपण ‘बापरे’ म्हणून पुढे जातो. मी मात्र वहीत भागाकार करून पाहिले. ७५,००० तुकडे भागिले १६३ पायऱ्या, म्हणजे एका पायरीला साधारण ४६०. दोन हजार टाइल भागिले १६३, म्हणजे पायरीला बारा. तुकडे तीनशे लोकांत सारखे वाटले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशे आले असते. कलाकारांनी स्वतः बरंच केलं असणार, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. पण अडीचशे तुकडे हे दोन-तीन दुपारींचं काम आहे. नोकरी करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला झेपेल एवढं. अवाढव्य वाटणारं काम माणसाच्या मापात आलं ते असं.

आणि तो मापात आणणारा घटक पायरी आहे. पायरीची उभी बाजू वीतभरसुद्धा उंच नसते. लांब आणि अरुंद पट्टी. एक पट्टी म्हणजे एक स्वतंत्र तुकडा, घरात टेबलावर मावणारा, दोन-चार माणसं भोवती बसून पुरा करू शकतील असा. पूर्ण चित्र १६३ पट्ट्यांत कापलेलं आहे. प्रत्येक पट्टीला नंबर आहे, तिच्या वरची कोणती आणि खालची कोणती हे ठरलेलं आहे. मोझॅकच्या सामूहिक कामात भिंतीपेक्षा जिना का सोपा, हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं. भिंतीचे तुकडे आपल्याला पाडावे लागतात. जिना आधीच तुकड्यांत असतो.

अशा पट्ट्या करायची रूढ पद्धत थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे अनेकजण थेट भिंतीवर चिकटवायला जातात आणि तिथेच फसतात. आधी खऱ्या मापाचा कागद, त्यावर पूर्ण रेखाटन. कागदावर प्लास्टिक, प्लास्टिकवर फायबरची जाळी. तुकडे जाळीवर गोंदानं चिकटवायचे. चुकलं तर उचलून परत लावता येतं, घाई नाही, ऊन नाही, शिडी नाही. सुकलं की जाळीसकट पट्टी उचलायची आणि जागेवर सिमेंटच्या अधेसिव्हमध्ये दाबून बसवायची. मग सांध्यांत ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचा सिमेंटचा लगदा, भरायचं आणि स्पंजनं पुसून घ्यायचं. म्हणजे हौशी हात टेबलाशी आणि जाणता कारागीर जागेवर. मोरागा स्ट्रीटवरही पायऱ्यांवर पट्ट्या बसवायचं काम टाइल बसवण्यात मुरलेल्या व्यावसायिक कारागिरांनी केलं.

इथे आमच्या भिंतीचं उत्तर दडलेलं आहे. आमचा प्लॅस्टर जुना होता, भिंतीमागे शाळेची बाग होती, रोज पाणी घातलं जायचं आणि ते भिंतीत मुरायचं. कुणा गवंड्याला बोलावून मी भिंत ठोकून बघितली नव्हती. मुलांचं काम म्हणून सगळं मुलांच्या हातांनीच व्हावं असा माझा हट्ट होता. पण मुलीचा मोर टिकवायचा असेल तर त्याच्या पाठीमागचा माल जाणत्यानंच लावायला हवा. काम सगळ्यांचं आहे म्हणून प्रत्येक टप्पा सगळ्यांनी करायचा असतो असं नाही.

हवामानाचाही वाटा आहे, तो नाकारत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत धुकं भरपूर, पण पारा क्वचितच गोठणबिंदूला टेकतो. सांध्यात शिरलेलं पाणी गोठून फुगणं हा थंड देशांतल्या मोझॅकचा सगळ्यात मोठा शत्रू, तो तिथे नाही. आपल्याकडेही नाही. आपला शत्रू चार महिन्यांचा पाऊस आणि त्यानंतरचं ऊन, म्हणजे ओल, शेवाळ आणि तापून प्रसरणारं सिमेंट. आरशाचे तुकडे वापरताना तर फार जपायला हवं. आरशाच्या पाठीवरचा चकाकीचा थर ओल लागली की कडेकडेनं काळा पडतो. कच्छमधल्या ‘भुंगा’ नावाच्या गोल मातीच्या घरांच्या आत, मातीच्या लिंपणात बसवलेले आरसे पाऊस लागत नाही म्हणून टिकतात, हे विसरून आपण ते उघड्या भिंतीवर लावतो.

नावं

पैसे कसे उभे राहिले हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटला, कारण तो आपल्या वर्गणीच्या रीतीला लागून आहे.

शेजाऱ्यांनी एकेक टाइल पुरस्कृत केली. ज्यानं पैसे दिले त्याचं किंवा त्याच्या कुटुंबाचं नाव त्या टाइलवर आलं. पण कुठे आलं? माशाच्या अंगावर, पानाच्या देठाजवळ, ताऱ्याच्या टोकावर, पक्ष्याच्या पंखात. वाकून पाहिलं तरच दिसतं. पायथ्याशी उभं राहिलं तर एकही नाव दिसत नाही, फक्त समुद्र दिसतो. चढायला लागलं की मासे दिसतात. थांबून वाकलं की माणसं दिसतात.

आपल्याकडच्या देवळांत संगमरवरी फरशीवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात, ‘यांच्या स्मरणार्थ’, खाली रक्कम. त्यामागची भावना मी कमी लेखत नाही. आपल्या माणसाचं नाव कुणाच्या तरी पायाखाली, रोजच्या वाटेवर असावं ही इच्छा पंढरपूरच्या नामदेव पायरीइतकी जुनी आहे. पण त्या फरश्यांमध्ये नाव हीच फरशी असते, दुसरं काही नसतं. मोरागा स्ट्रीटवर नाव चित्रात विरघळलेलं आहे. वर्गणी दिली तिची पावती कायमची मिळाली, आणि तरी चित्राला कुठे पाटी लागली नाही. २२० जणांची हौस त्यांनी मासे आणि ताऱ्यांत वाटून टाकली. ही युक्ती साधी आहे आणि कुठल्याही सोसायटीला उद्या वापरता येण्यासारखी आहे.

पैसे गोळा झाले तरी ते ठेवायचे कुणाकडे? अशा कामासाठी शेजाऱ्यांनी स्वतः संस्था नोंदवणं मोठ्या खटाटोपाचं. म्हणून तिथे रीत अशी की आधीपासून नोंदणीकृत असलेल्या एखाद्या धर्मादाय संस्थेनं वस्तीच्या उपक्रमाचे पैसे आपल्या नावावर सांभाळायचे. म्हणजे देणगीदारांना करसवलत मिळते आणि हिशेबाला शिस्त राहते. या पायऱ्यांसाठी ते काम सॅन फ्रान्सिस्को पार्क्स ट्रस्टनं केलं. पुढे २०११ मध्ये ती संस्था दुसऱ्या एका संस्थेत मिसळून सॅन फ्रान्सिस्को पार्क्स अलायन्स झाली. आणि २०२५ मध्ये, एका कामासाठी राखून ठेवलेले पैसे भलत्याच खर्चाला वापरल्याचं उघड झाल्यावर, ती बंद पडली. तिच्याकडे पैसे ठेवलेल्या अनेक वस्तीगटांना त्याचा फटका बसला. पायऱ्या तोवर वीस वर्षांच्या झाल्या होत्या आणि त्या सिमेंटला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण जे लोक अशा नव्या कामासाठी अजून पैसे जमवत होते त्यांच्यासाठी ही गोष्ट किती जीवघेणी असेल. वर्गणीचा हिशेब कुणाच्या हाती आहे, हे बघणं कलाकार निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

वर चढणाऱ्यालाच दिसतं

एक गोष्ट फोटोत कधीच कळत नाही. मोझॅक फक्त पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर आहे. पाय ठेवायची आडवी बाजू साध्या सिमेंटची. कारण उघड आहे: ग्लेझ दिलेल्या टाइलवर धुक्याच्या ओलीत पाय घसरेल. सार्वजनिक जिना आहे, म्हातारी माणसंही चढतात.

पण सुरक्षेच्या या नियमातून काय घडलं आहे पाहा. खाली उभं राहिलं की मधली सिमेंटची पट्टी नजरेआड होते आणि उभ्या पट्ट्या एकमेकींना चिकटून एकसंध चित्र उभं राहतं, एखादा नक्षीदार गालिचा टेकडीवरून सोडल्यासारखं. चढताना ते सुटं होतं, एकेक पायरी वेगळी दिसते, तिच्यातल्या बारा टाइल दिसतात. आणि माथ्यावर पोचून मागे वळलात तर चित्र नाही. एकही तुकडा नाही. खाली उतरत गेलेलं राखाडी सिमेंट आणि त्यापलीकडे खरा समुद्र. तिन्ही वेळा मी वर पोचून वळले आणि तिन्ही वेळा श्वास अडकला.

गॅलरीतल्या प्रदर्शनात मोझॅक समोर टांगलेलं असतं, आपण स्थिर असतो, प्रकाश सोडलेला असतो. मी तशी प्रदर्शनं खूप पाहिली आहेत आणि त्यांची किंमत जाणते. जवळून, शांतपणे, एका तुकड्याची धार पाहायला गॅलरीच हवी. पण प्रदर्शन ठरल्या दिवशी उतरवलं जातं. इथे चित्र पाहायला शरीरानं मोल द्यावं लागतं, मांड्या भरून येतात, आणि शेजारच्या घरातली आजी रोज भाजी घेऊन त्याच चित्रातून वर जाते.

याची दुसरी बाजूही आहे. पायऱ्या समाजमाध्यमांवर फिरायला लागल्या तसे जगभरातून लोक यायला लागले. जिन्याला लागून लोकांच्या खिडक्या आहेत. मी गेले त्या एका शनिवारी लग्नाआधीचे फोटो काढणारी दोन जोडपी, एक ड्रोन आणि मोठमोठ्यानं हसणारा एक घोळका होता. तिथे राहणाऱ्यांनी हे आपल्यासाठी केलं होतं. आता त्यांना आपल्याच दारात वाट मागावी लागते. सुंदर केलेली जागा आपली राहत नाही, हे काम सुरू करण्याआधी वस्तीनं एकमेकांशी बोलून घ्यायला हवं असं मला वाटतं. बोलून मग करावं. करू नये असं मी मुळीच म्हणत नाही.

नंतरची वर्षं

काम संपलं तेव्हा काम संपलं नाही, हे या प्रकरणाचं खरं बळ. जिन्याच्या दोन्ही बाजूंचे रान माजलेले उतार शेजाऱ्यांनी साफ केले, तिथे बाग केली, आणि स्वयंसेवक ती सांभाळत आले. या टेकड्यांवर कोस्टल ग्रीन हेअरस्ट्रीक नावाचं हिरवं, नखाएवढं फुलपाखरू राहतं. वाळूच्या टेकड्यांवर घरं झाली तशी त्याची वस्ती एकमेकींपासून तुटलेल्या माथ्यांवर उरली. नेचर इन द सिटी या संस्थेनं त्या माथ्यांना जोडणारा झाडांचा मार्ग करायचं काम हाती घेतलं. फुलपाखराच्या अळ्यांना लागणारी स्थानिक झाडं पायऱ्यांलगतच्या बागांमध्येही लावली गेली. मोझॅकमध्ये फुलपाखरं आहेतच. त्यांच्या शेजारी खरी यावीत म्हणून कुणीतरी गुडघे टेकून रोपं लावतं आहे, हे पाहून मला भरून आलं.

जवळच, १६व्या अॅव्हेन्यूवर कर्कम आणि लॉटन या रस्त्यांच्या मध्ये, दुसरा जिना होता, १४८ पायऱ्यांचा. तिथल्या लोकांनी त्याच दोन कलाकारांना बोलावून त्यावर मोझॅक केलं. ते २०१३ च्या अखेरीला पूर्ण झालं. हिडन गार्डन स्टेप्स असं त्याचं नाव आणि त्यात बागेतले जीव आणि झाडं. २०१५ मध्ये शहराच्या वायव्य टोकाला लिंकन पार्कच्या पायऱ्याही आयलीन बार यांनी टाइलनं सजवल्या. एका जिन्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. मला त्यातला दुसरा विशेष वाटतो. तो पहिल्याची नक्कल नाही. तिथल्या लोकांनी समुद्र आणि आभाळ उचललं नाही, आपली बाग केली. पहिल्या जिन्यानं रिओशी जे केलं तेच दुसऱ्यानं पहिल्याशी केलं.

आमच्याकडे

परत आल्यावर मी त्या शाळेत गेले नाही. तिथली भिंत अजून ओली आहे. आमच्या वसाहतीच्या बागेत मात्र एक चौदा पायऱ्यांचा जिना आहे, वरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारा. तिथे करायचं ठरलं. सुरुवात टाइलनं केली नाही. एका जुन्या गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं चौदाही पायऱ्या ठोकून बघितल्या, खडूनं चार पायऱ्यांवर फुल्या मारल्या आणि म्हणाले, “बाई, ह्या चार आधी फोडा, पोकळ आहेत.” फोडल्या. पावसाळाभर तसंच ठेवलं, पाणी कुठून येतं ते पाहिलं. टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप वळवला. मग नवा माल.

आराखडा माझ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तळाशी मुठा, वर टाकी. म्हणजे पाणी खालून वर चढतं, जसं ते रोज पंपानं खरंच चढतं. वसाहतीतल्या पासष्ट घरांपैकी एकोणचाळीस घरांनी टाइल घेतली आहे, प्रत्येकाचा एकेक मासा, बेडूक किंवा पाणकोंबडी, नाव पोटाखाली. हिशेब दोन जणींकडे आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला सूचनाफलकावर लागतो. प्रत्येक रंगाच्या पाव किलो जादा टाइल आणि अर्धं पोतं ग्राउट एका डब्यात बंद करून पंपहाउसमध्ये ठेवायचं ठरलं आहे. दहा वर्षांनी कुणाला एखादा तुकडा बदलायचा झाला तर तोच रंग मिळावा म्हणून. डब्यावर तारीख घातली आहे.

सध्या आठवी पट्टी टेबलावर आहे. तिच्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा खेकडा बसायचा आहे. तो भट्टीत एकदा तडकला, म्हणून परत घडवला. शुक्रवारी भट्टी उघडेल.